आबांना आत झोपवण्याची मोहीम

तुम्ही कधी कुणाच्या दारात उभं राहून त्याला त्याच्याच घरात झोपायची विनंती केली आहे का? केली नसेल, तर समाजसुधारणा अवघड असते हे तुम्ही नुसतं ऐकलेलं आहे. मी ती विनंती दिवाळीच्या आधीपासून पार थंडी पडेपर्यंत रोज केली. आणि ज्यांना केली ते आबा रोज अगदी प्रेमानं म्हणायचे, "घर चांगलंच हाय की. कोण नाव ठिवतंय?"

मी नांदेडची. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. हुंड्याविरुद्ध गुलाबी कागद, बुवाबाजीविरुद्ध पिवळा, दारूविरुद्ध हिरवा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याच्या तांब्याबरोबर पत्रक मिळायचं, आणि पाहुणे पाणी पिऊन पत्रकानं वारा घ्यायचे. मी शिकलेलं पहिलं अवघड जोडाक्षर 'अंधश्रद्धा'मधलं होतं. माझ्या वह्यांना पत्रकांचीच कव्हरं असायची, त्यामुळे वर्गात माझ्या भूगोलावर 'दारू सोडा' लिहिलेलं असायचं. गावातले भजीवालेसुद्धा आमचे नेमाचे ग्राहक होते. वाचत किती होते, माहीत नाही.

लातूरकडे भूकंप झाला. दगडमातीची घरं एका पहाटेत बसली, आणि त्या घरांबरोबर काय काय बसलं ते मी इथं लिहीत नाही. पुढं नवी गावं उभी राहिली, सिमेंटची पक्की घरं रांगेत झाली, आणि मग बातमी आली की लोक त्या घरांत झोपतच नाहीत. वडिलांच्या मंडळाची आमच्या पुढच्या खोलीत बैठक झाली. मंडळ म्हणजे चार-पाच मास्तर आणि एक कंपाउंडर. एक वर्षभर पूर्णवेळ कार्यकर्ता तिकडं पाठवायचा, असं ठरलं. मी नुकतीच बीए झाले होते आणि अन्यायाच्या शोधात होते. मी हात वर केला.

"निघाली शेवटी घरात मिशनरी," आई म्हणाली.

वडिलांना तो शब्द फारच आवडला. "का नाही? परदेशातली कोवळी पोरं इथं आली, भाषा शिकली, हिवतापानं फणफणली, पण मागं फिरली नाहीत. ती समुद्र ओलांडून आली. हिला तर नुसतं अहमदपूर ओलांडायचंय."

"तिकडं सीमेवर कानडी बोलतात म्हणे."

"शिकेल."

"आणि स्वयंपाक?"

"तोही शिकेल तिथं."

"तो तिला मराठीत अजून आला नाही," आई म्हणाली.

तर अशी मी परदेशी गेले. गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाला टेकलेलं. माझी राहायची सोय एका म्हाताऱ्या जोडप्याकडे केली होती. सगळं गाव त्यांना आबा आणि आजी म्हणायचं, मीही म्हणू लागले. दोघं माझ्याशी मराठी बोलायची आणि माझ्याविषयी कानडी. विषय मीच आहे हे मला कळायचं, कारण आधी दोघं माझ्याकडे बघायची आणि मग हसायची. "ऊट आय्ता?" म्हणजे जेवलीस का, एवढं कानडी मला आठवड्यात आलं. दिवसभर सगळं गाव तेवढंच विचारायचं.

बातमी खरी होती. भूकंपानंतर तात्पुरते म्हणून दिलेले पत्र्याचे शेड लोकांनी नव्या घरांशेजारी हलवून आणले होते आणि त्यातच संसार मांडले होते. आबांच्या पक्क्या घरात कडबा, खताची पोती आणि एक सायकल राहत होती. आजी शेडमध्ये झोपायच्या. आबा तर शेडच्याही बाहेर, अंगणात, बाजेवर. डोक्यावर आभाळ असलं की बरं, ते पडत न्हाई, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी कामाला लागले. सकाळी दारोदार पत्रकं, दुपारी लिंबाखाली सभा. पत्रकाचं नाव होतं 'भूकंप का होतो?'. पहिली अडचण अशी आली की तेव्हा लातूरकडे छापील कागद घेऊन दारात येणारं माणूस फक्त क्लासवाल्यांचं असायचं. लातूरला गल्लोगल्ली क्लास निघाले होते, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो होते, आणि पोराला तिथं ठेवायचं हे प्रत्येक घराचं स्वप्न होतं. माझं पत्रक हातात पडलं की लोक ते उलटसुलट करून विचारायचे, "होस्टेल हाय का?"

"हा क्लास नाही. हे समाजप्रबोधन आहे."

"त्याचा पेपर किती मार्काचा असतोय?"

लातूरच्या बसस्टँडवर तर एका गृहस्थांनी पोराला माझ्यासमोर उभं केलं, त्याची मार्कशीट काढली आणि म्हणाले, "मॅडम, गणितात जरा मार खातंय. पण तुमच्या प्रबोधनात चमकंल."

लातूरला मी गेले होते ते आबांना डॉक्टरकडे न्यायला. थंडी पडायला लागली होती आणि आबांचा खोकला आता गल्लीच्या टोकाला ऐकू येत होता. डॉक्टरांनी छाती तपासली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "यांना बाहेर झोपवू नका. पत्र्यातसुद्धा नको. पक्क्या घरात, दार लावून. ही थंडी अशीच उघड्यावर काढली, तर पुढची यांना दिसणार नाही."

बरोबर आलेल्या आजींनी ते ऐकलं होतं. परतीच्या एसटीत त्या निलंगा येईपर्यंत आबांची घोंगडी पुन्हा पुन्हा आवळत राहिल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, गाव नको सुधारू. ह्या एकाला आत घाल."

त्या दिवसापासून माझी मोहीम एका माणसापुरती उरली. मी आबांना सिमेंटचं मिश्रण समजावलं, खडूनं अंगणात पृथ्वीचं पोट काढून दाखवलं. ते सगळं लक्ष देऊन ऐकायचे, बाज थोडी सरकवायचे, कारण मी तिच्याखालीही अमेरिका काढलेली असायची, आणि पुन्हा बाहेरच झोपायचे. शेवटी मी वैतागून विचारलं, "आबा, अडलंय कशावर?"

"हे घर आपलं झालं न्हाई अजून," आबा म्हणाले. "जुन्या घरात शिरताना आमच्यात पोथी लावायचे. एकानं वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, गावानं ऐकायचं. मंग घर आपलं. हितं मांडव घालून चाव्या वाटल्या. चावी दिली म्हंजे घर दिलं व्हय?"

मी पत्रकांवर वाढलेली. मी लगेच म्हणाले, "जुन्या घरात पोथी लावली होती, तरी ते पडलंच ना?"

"पडलं. पण ते माझं पडलं. हे पडलं तर कुणाचं पडनार?"

याचं उत्तर कुठल्याच रंगाच्या कागदावर नव्हतं. तरी मी ठाम राहिले. पोथी नाही, पूजा नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व.

"मंग तुझीच वाच की," आबा म्हणाले. "तुझ्या बापानंच लिवलीय. छापील हाय. दोन्ही अंगानं हाय."

मी अंथरुणावर पडून खूप विचार केला. वाचन म्हणजे पूजा नव्हे. पत्रक वाचण्यासाठीच असतं. बाहेर आबा खोकत होते, आणि त्या खोकल्यापुढं माझा युक्तिवाद फारच पटकन जिंकला. सकाळी मी अटी सांगितल्या: नारळ नाही, हळदकुंकू नाही, आरती नाही. आजींनी सगळ्या अटी मान्य केल्या आणि रविवारी सगळं आणलं.

घरातला कडबा निघाला, जमीन सारवल्यासारखी पुसली, चौरंग मांडला. त्यावर 'भूकंप का होतो?' ठेवलं, आणि मी हां हां म्हणेपर्यंत वडिलांच्या नावावर कुंकू पडलं. अख्खी गल्ली आत-बाहेर बसली. मी पाटावर बसून वाचायला लागले, तर बायकांनी अडवलं.

"असं काय बाई, बातम्या दिल्यावानी? चालीवर म्हन."

म्हणून मी चालीवर म्हटलं. "जमिनीच्या पोटातील खडक सरकल्यानेऽऽ भूकंप होतोऽऽ."

अर्थ सांगायला आबा बसले होते. "म्हंजे काय?" ते म्हणाले. "तर खाली बी वाटणीचं भांडण हाय. एक भाऊ सरकला की दुसऱ्याला धक्का. आपल्या वरच्यांचा त्यात काही संबंध न्हाई, पण घरं आपली पडत्यात."

"भूकंप कोणाच्याही पापामुळे येत नाहीऽऽ."

"म्हंजे सरपंचाला कुणी काई म्हनायचं न्हाई. भूकंप त्येच्यामुळं न्हाई. त्येच्यामुळं फकस्त रस्ता न्हाई."

सरपंच पहिल्या रांगेत होते. त्यांनी हात जोडले.

मी "दिशा पाहून दार बदलणेऽऽ ही निव्वळ अंधश्रद्धा आहेऽऽ" असा शेवट लांबवला, बायकांनी माझ्यावर अक्षता टाकल्या, आणि माझं लक्ष दाराकडे गेलं. दारात वडील उभे होते. एका हातात चपला, खांद्याला ताज्या पत्रकांची पिशवी. काम बघायला ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येत, आणि रविवार हाच होता. माझ्या केसांत तांदूळ होते. मंडळ बरखास्त झालं, असंच मला वाटलं. मी पत्रक खाली ठेवून उठले.

वडील खाकरले. "बस खाली," ते म्हणाले. "मागची बाजू राहिलीय."

मागची बाजूही झाली. पत्रक उलटलं तेव्हा लोक जरा पुढं सरकून बसले, आणि वडिलांनी चष्मा पुसला. नंतर शिरा खाताना ते मला हळूच म्हणाले, "एवढी वर्षं लिहितोय. मागची बाजू ऐकणारी माणसं आज पाहिली."

संध्याकाळी लोक पांगले. आबांनी घोंगडी उचलली आणि पुन्हा अंगणातल्या बाजेकडे निघाले.

"आता काय राहिलं?" आजी कडाडल्या.

"वाचनाराला त्या घरात एक मुक्काम करावा लागतोय. मालक मागनं."

वडिलांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तू झोपतेस कुठं?"

"माझ्याजवळ. पत्र्यात," आजींनीच उत्तर दिलं.

आल्यापासून मी रोज त्या शेडमधून उठत होते, तोंड धूत होते आणि गावाला पक्क्या घरात झोपा म्हणून सांगायला निघत होते. अख्ख्या गावानं हे पाहिलं होतं, पण पाहुणीला कोण बोलणार? वडिलांनी माझी गोधडी काखेत मारली आणि नव्या घरात गेले. मी मागोमाग गेले.

वडिलांना आडवं झालं की गप्प राहता येत नाही. त्यांनी भिंतीतल्या सिमेंटच्या पट्ट्यावर व्याख्यान सुरू केलं. दार उघडंच होतं.

"काय म्हनलाव गुरुजी?" अंगणातून आवाज आला.

"म्हटलं, हे घर हलेल, पण पडणार नाही!"

"हे कुनाला ठाव? जनावराला आधी कळतंय. शेळीला तर पक्कं कळतंय!" आता आवाज उंबऱ्याजवळून येत होता.

"पुरावा काय?"

"पुरावा बांधलाय की शेडमागं. आनू का?"

"आणा!"

आबा खरंच शेळी घेऊन आत आले. शेळीनं चौरंगावरची फुलं खाल्ली, खोलीभर पाहिलं आणि मधोमध बसून रवंथ करायला लागली.

वडील उठून बसले. "बघा! तुमच्याच पुराव्यानं घर सुरक्षित आहे. नाहीतर शेळीला काही कळत नाही असं म्हणा."

आबांनी शेळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. शेळीला काही कळत नाही असं म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांनी घोंगडी अंथरली, शेळीचं दावं पायाशी खिडकीच्या गजाला बांधलं आणि म्हणाले, "ती उठली की मी उठनार."

"पण आबा, शेळीवर असा विश्वास ठेवणं म्हणजे पुन्हा..." वडिलांनी सुरुवात केली.

"गुरुजी," आजी दारातून म्हणाल्या, "त्येचं पत्रक उद्या काढा. ते आडवे झालेत." आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

आबांनी ती थंडी काढली. अजूनही मी गेले की ते मला बघून कानडीत हसतात. गल्लीतल्या बऱ्याच घरांतून कडबा निघाला, सगळ्यांतून नाही.

म्हणून एक विनंती. लातूरकडच्या त्या पट्ट्यात तुमचं कुणी असेल, मामा, आत्या, नाहीतर तुमच्या पोराच्या क्लासमधल्या मित्राचे आजोबा, आणि ते अजून बाहेर झोपत असतील, तर त्यांना समजावू नका. अंथरूण घेऊन जा. त्यांच्या घरात आधी तुम्ही झोपा आणि दार उघडं ठेवा. बाहेरून ते काहीतरी म्हणतीलच. त्यावर वाद घाला, मोठ्यानं घाला, ते आत येईपर्यंत घाला. फक्त थंडी पडायच्या आत जा.