कण्हेरीच्या पानाची साल

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. त्या एप्रिलमध्ये प्रॅक्टिकलच्या परीक्षेला कण्हेरीचं पान आलं. गाजराच्या फटीत पान धरायचं, ब्लेडने पातळ काप काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचा.

हिंगण्याच्या एका कारखान्यात काम करून शिकणारा एक विद्यार्थी पान हातात घेऊन नुसताच उभा होता. आठवड्यापूर्वी उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये चेंगरली होती. पट्टीचा हा मोठा गोळा.

"मॅडम, ब्लेड पकडताच येऊन नाही राहिलं मले."

परीक्षक बाहेरगावचे होते आणि कडक होते. ते दुसऱ्या टेबलाकडे वळलेले पाहून मी हळूच म्हटलं, "दे, मी कापते."

"नाही मॅडम. तुमच्यावर येईल ते."

मग, कण्हेर विषारी असते हे ठाऊक असूनही, त्याने पान डाव्या हाताने आणि दातांनी तिरकं फाडलं आणि लगेच थुंकला. कडेला पापुद्र्यासारखी खालची साल सुटली, तीच त्याने काचपट्टीवर ठेवली.

परीक्षकांनी पाहिलं. "ही साल आहे. मी काप मागितला होता."

त्याने हाताची पट्टी दाखवली. ते म्हणाले, "बरं. यात पानाची श्वासाची छिद्रं कुठे आहेत?"

"दिसत नाहीत सर. ते गोल खड्डे हायेत ना, त्यांच्या आत हायेत, केसांच्या आड. गरम वारा थेट लागत नाही, म्हणून ओल टिकते."

"आणि वरच्या बाजूला?"

"वर छिद्रंच नाहीत. साल जाड, दोन-तीन थरांची, वरून मेणचट. ऊन तिकडूनच पडते न सर."

"कापाचे मार्क मी देऊ शकत नाही," परीक्षक म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते स्टुलावर बसले, गाजर उचललं आणि स्वतः काप काढला. "तोंडीचे मार्क टाकलेत. आता आडव्या कापात खड्डा कसा दिसतो ते बघ."

तो कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून होता. मागची मुलं ताटकळली, तरी परीक्षक त्याला उठ म्हणाले नाहीत.

तो पास झाला. पुढे हिंगण्याजवळच्याच एका शाळेत शिक्षक झाला. मी मात्र 'दे, मी कापते' हे किती सहज म्हटलं होतं, ते आठवून बरेच दिवस ओशाळत होते.