निर्जळी मोडली त्या वर्षी

जवळ सरका गं बायांनो. आणि आधी एक बोलते, राग मानू नका. कोणाचा हात थरथरला की लगेच पदराआड कुजबुजता, ही खोड बरी नाही. मलाही होती, म्हणून सांगते.

"थांब माय, पयले पानी पी लेस," असं म्हणून तांब्या तोंडाला लावल्याशिवाय ती कामाला हात घालायची नाही. नवागामात आमच्या गल्लीत, माझ्या शेजारच्या खोलीत राहायची ही बाई, साड्यांना टिकल्या चिकटवायची. तिला बायपोलर होता. लपवायची नाही. म्हणायची, "लोक म्हणतात मनाचा आजार. माझ्या अंगाला विचारा की."

खरंच होतं ते. मन चढलं की दोन तासांच्या झोपेवर तीन बायांचं काम उरकायची, जेवण विसरायची, गालाची हाडं वर यायची. मन उतरलं की अंग भिजल्या गोणीसारखं जड, वेणी घालायलाही हात उचलेना. गोळ्यांनी दोन्ही आवरलं, पण तहान वाढली, अंग भरलं, बोटं थरथरू लागली. टिकली तिरकी बसली की म्हणायची, "नवरीला सांगा, साडी नाचरी आहे."

एका हरतालिकेला ती म्हणाली, उपास करते, पण पाणी पिऊन. मी मोठी शहाणी! म्हटलं, नवऱ्यासाठी एक दिवस तहान सोसवत नाही? बिचारीने सोसली. दुपारी हातात बेलाचं पान टिकेना, जीभ जड झाली, उभं राहता येईना. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या गोळ्यांवर पाणी आणि मीठ तोडलं तर औषध अंगात साचतं, त्याचंच विष होतं.

चार दिवस ती सलाईनवर. मी उशाशी खाली मान घालून बसलेली. तिनेच माझा हात धरला.

"आक्का, आता तुमचा थरथरतोय."

पुढच्या वर्षी वाळूच्या पिंडीसमोर पहिला पेला मीच प्यायले. चाळीस वर्षांची निर्जळी मोडली. मग गल्लीतल्या साऱ्याजणी प्यायल्या. तिने हळूच विचारलं, "आपले नवरे टिकतील ना?" माझा म्हातारा ओट्यावर नाक्यावरची भजी खात होता. तिथूनच म्हणाला, "मी ठणठणीत आहे, चटणी आणा." हसता हसता पूजेची वाळू विस्कटली.

आता तिच्या मुलाला सचिन गावातल्या कारखान्यात काम लागलं, तशी ती तिकडे राहायला गेली. गोळ्या वेळेवर घेते, झोप नीट लागते, असं फोनवर सांगते. काल मी तिला म्हटलं, फोनवर काय दिसतं गं? हसताना तुझं सगळं अंग कसं हलतं, ते मला बघायचंय. सणाची वाट पाहू नकोस. येत्या रविवारी ये, मुक्कामालाच ये.