जबलपुरात, मेणाच्या छताखाली

मे महिन्यात मी जबलपूरला निघाले, हे माझ्या डॉक्टरांना मुळीच पसंत नव्हतं. मला मज्जातंतूंचा आजार आहे. अंगात उष्णता चढली की पाय ऐकेनासे होतात, म्हणून उन्हाळाभर मी साताऱ्यातलं घर सोडत नाही. पण वैशाली माझी वसतिगृहातली मैत्रीण, आणि लग्न तिच्या लेकीचं, श्वेताचं.

"तू ये न! काहून घाबरून राहिली? तुझ्यासाठी खोली तयार आहे," ती फोनवर म्हणाली. (काहून म्हणजे का.)

शहपुऱ्याजवळ सकाळच्या उजेडात गाडीतून नर्मदा दिसली. वाळूत टरबुजांच्या वाड्या होत्या. स्टेशनवर वैशालीचे यजमान, प्रकाशभाऊजी, पाण्याची बाटली घेऊन उभेच होते. दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आल्याआल्या हातात खोव्याची जिलबी (खव्याची, काळपट आणि मऊ) पडली.

खोली श्वेताची स्वतःची निघाली. ती घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. मराठी तिला समजते, बोलते मात्र हिंदीत. "मौसी, आप यहीं रहिए," म्हणत तिने छताला लावलेली चपटी पाकिटं दाखवली. आत मेणासारखा पदार्थ होता. खोली तापू लागली की तो वितळतो आणि उष्णता स्वतःत ओढून घेतो; रात्रीच्या गारव्यात पुन्हा घट्ट होतो. दुपारी वीज गेली, बाहेर अंगण भाजत होतं, आणि मी मात्र स्वस्थ पडून होते. कित्येक वर्षांत मे महिन्यात मला अशी झोप लागली नव्हती.

रात्री डास फार, म्हणून मी खिडक्या लावून झोपले. दुसऱ्या दिवशी हळद होती. दुपारी गाणी ऐकून मी उठले आणि दारापाशीच कोसळले. खोली तापली होती, पाय लाकडासारखे झाले होते. हाक मारली, पण ढोलकीपुढे कोणाला ऐकू येणार?

सगळ्यांत आधी आली ती श्वेताच, हळदीच्या अंगाने. तिने ओली चादर माझ्याभोवती गुंडाळली आणि वर पाहिलं.

"मौसी, रात को खिड़की बंद थी क्या?"

"डास होते गं."

"तो मोम जमा ही नहीं," ती म्हणाली. मेण रात्री घट्ट झालंच नव्हतं; मग दिवसा ते उष्णता घेणार कशी?

मला रडू आलं. "तुझ्या हळदीत विघ्न आणलं मी."

"अच्छा, अब चुप," म्हणत ती माझे पाय चोळत राहिली. तिच्या हातांची हळद माझ्या पायांना लागली.

संध्याकाळी भाऊजींनी मच्छरदाणी बांधली आणि खिडक्या सताड उघडल्या. सकाळी छतातलं मेण पुन्हा घट्ट झालं होतं.

त्या दिवशी बुद्धविहारात लग्न लागलं. पांढऱ्या साडीत श्वेता वंदनेला उभी राहिली, तेव्हा वैशालीच्या खांद्यावर हात ठेवून मीही उभी राहिले, शेवटपर्यंत.

निरोपाच्या वेळी मायलेकी गळ्यात पडून रडल्या. गाडीत बसलेल्या श्वेताने काच खाली केली. वाटलं, काही विसरलं असेल.

"मम्मी, खिड़कियाँ खोल देना," ती म्हणाली. "मौसी कल तक हैं।"

परतीच्या गाडीत मला तेच ऐकू येत होतं. आजवर उन्हाळ्याने मला घरी बसवलं, आणि मी तक्रार न करता बसले. आता वाटतं, जगात अशी एक खोली आहे, आणि सासरी निघतानाही माझी आठवण ठेवणारी एक मुलगी आहे. एवढं असल्यावर माणूस बाहेर पडू शकतं.