बांडगुळाचा निर्जळी उपास

माझ्या नवऱ्याच्या मामी कापडे गावच्या. समोर येईल त्याला त्या आधी पाणी पाजत. पोस्टमन, गॅसवाला, मीटर बघायला आलेला माणूस, कुणी सुटायचं नाही. "तहान नाही" म्हणणाऱ्याचा त्यांना संशयच यायचा. पुढे आमच्याकडे राहायला आल्यावर, आमच्या खालच्या मजल्यावरचे वकील एकदा काही विचारायला वर आले आणि कोर्टाच्या घाईत पाणी न पिता उतरले, तर मामी लोटी घेऊन फाटकापर्यंत त्यांच्या मागे!

वादळात त्यांच्या अंगणातला आंबा आडवा झाला. एकट्या कशाला राहता, म्हणून आम्ही त्यांना महाडला आणलं. आंब्याच्या एका फांदीवर ऑर्किड होतं, थंडी सरताना पांढरं फुलणारं. मामी त्याला बांडगूळ म्हणत. "माज्या दारातलं एवढंच उरलंय गो," म्हणून फांदीच्या तुकड्यासकट ते आमच्या बाल्कनीत आलं. ते जगवायची जबाबदारी अर्थातच माझी.

दिवाळीनंतर त्याची पानं गळाली. नर्सरीवाल्यानं मला बजावलं होतं, की आता ते विश्रांती घेणार, उजेडात ठेवा, पण कळ्या येईपर्यंत पाणी बंद, नाहीतर कुजेल. मी मामींना हे नीट समजावलं. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फांदीतून पाणी ठिबकत होतं.

"मी नाय घातलं. दंव पडलं असंल."

"पत्र्याखाली दंव, मामी?"

"तहानलेल्याला पानी नाय म्हनायचं! कुठं फेडशील गो हे पाप?"

माझं डोकंच फिरलं. मी लोटी लपवली, त्या वाटी घेऊन गेल्या. मी फांदी उंच टांगली, तर त्या स्टुलावर चढल्या. त्या वयात! तांदळाचं धुवण, भांडी विसळलेलं पाणी, सगळं त्या झाडाच्या नरड्यात. निम्म्या कांड्या काळ्या पडून सडल्या. फूल एकही नाही. आणि वर मलाच घरचा अहेर, "तुला माजं झाड सांभाळता नाय आलं."

पुढच्या थंडीत पुन्हा लोटी घेऊन निघालेल्या बघितल्या आणि मी वैतागून ओरडले, "मामी, त्याचा उपास आहे!"

मामी जागच्या जागी थांबल्या. "निर्जळी? हरतालकेवानी?"

"हो."

"मंग आदी सांगायचं नाय? मी उपास मोडीत होते ना त्याचा!"

झालं! एवढा घसा कोरडा केला तो फुकटच. त्या दिवसापासून मामींचा पहारा बसला. कामवालीनं बाल्कनी धुवायला घेतली की, "शिंतोडं उडवू नको, उपास हाय त्याचा." मलाही ताकीद मिळाली, "कळी दिसली की पारनं मी करवनार. तू मधी पडू नको." आता बाल्कनीत माझे कपडे वाळत घालायचीसुद्धा चोरी.

ऐन थंडीत मामींच्या आतड्याला पीळ पडला. ऑपरेशन झालं. तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. साऱ्या जगाला पाणी पाजणारी बाई माझ्याकडे पाणी मागत होती आणि मी ओल्या कापसानं नुसते ओठ पुसत होते. जीव तुटत होता माझा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माजापन उपास हाय काय गो?"

"हो मामी. थोडेच दिवस."

"मंग राहू दे," म्हणाल्या, आणि पुन्हा पाणी मागितलं नाही.

तो उपास काही सुटला नाही. मामी गेल्या.

माघ संपता संपता उरलेल्या उघड्या कांड्यांवर कळ्या धरल्या, मग पांढरी फुलं आली. मी मामींची लोटी काठोकाठ भरली. सुरुवातीला पाणी बेतानंच घाला, असं नर्सरीवाल्यानं सांगितलेलं मला पाठ होतं. तरी मी अख्खी लोटी ओतली. फांदी भिजली, कठडा भिजला आणि खाली वकिलांच्या वाळत घातलेल्या शर्टावर धार लागली.

"अहो, किती पाणी!" ते खालून ओरडले.

"असू दे, वकीलसाहेब," मी म्हटलं, "पारणं आहे."