शरयूवहिनींची फरशी

शरयूवहिनी कुणाच्याही घरी गेल्या, की चपला काढून आधी वाकायच्या आणि फरशीला तळहात लावायच्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, बाई माझा केर तपासतायत. मी मनातून चांगलीच चिडले. समोरच्या पंजाबी शेजारणीची समजूत वेगळीच. महाराष्ट्रात वास्तूला असाच नमस्कार करत असतील म्हणून तीही बिचारी भक्तिभावाने वाकायची. वहिनी मात्र हात पदराला पुसत एवढंच म्हणायच्या, "गार आहे गं. अगदी गार."

त्या हाताचं कारण मला उशिरा कळलं. त्यांचे यजमान करंदीकर ऐन जानेवारीत गेले होते. रत्नागिरीचा माणूस. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळा जन्म दिल्लीत गेला, पण इथल्या थंडीशी त्यांचं कधी जमलं नाही. दिवाळी झाली की स्वेटरवर स्वेटर. गेल्यावर रीतीप्रमाणे त्यांना पलंगावरून खाली घेतलं, क्वार्टरच्या उघड्या मोझॅकवर. "मी ब्लँकेट घालायला गेले," वहिनी सांगायच्या, "तर सगळे म्हणाले, आता त्यांना कसली थंडी? मी आपली गप्प राहिले. राहायला नको होतं."

पुढे मुलगा निखिल सॉफ्टवेअर कंपनीत चांगला कमवू लागला. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. वहिनींची शिल्लक आणि निखिलचं कर्ज मिळून तिथे घर बांधायचं ठरलं. त्याने विचारलं, आई, तुला काय हवं? पूजेची खोली, झोपाळा, असलं काहीतरी मागेल अशी त्याची कल्पना. वहिनी म्हणाल्या, "मला फरशी गरम हवी."

मनालीकडच्या हॉटेलांत फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवलेला एक इंजिनियर निखिलने शोधून आणला. आईचे गुडघे दुखतात म्हणून ही हौस, असं तो धरून चालला. मला मात्र वहिनींनी खरं सांगितलं. "सुधा, मला खाली घ्याल ना, तेव्हा ती गार नको. त्याला सांगू नकोस हं, पोर घाबरेल."

"वहिनी, अहो काहीतरीच!"

"काहीतरीच काय त्यात? जायचंय तर सगळ्यांनाच."

आम्हीही एव्हाना जवळच फ्लॅट घेतला होता, त्यामुळे साइटवर सोबतीला मी. जमिनीवर आधी थर्माकोलसारखे जाड तक्ते घातले, त्यांवर जिलबीसारखी पाइपांची वेटोळी, आणि वर सिमेंटचा जाड थर. इंजिनियरने बजावलं होतं, हा थर पुरता वाळू द्यायचा, मग पाणी रोज थोडं थोडं तापवत न्यायचं, तसंच निववायचं, आणि मगच टाइल. नाहीतर सगळं तडकेल. वहिनींनी ते गुरुमंत्रासारखं धरलं. ठेकेदार बलबीर घायकुतीला आला. "माताजी, टाइल लगा देते हैं. नीचे किसने देखना है?" वहिनींची हिंदी शेवटपर्यंत मराठी वळणाची. "भैया, मेरे को नीचे का ही देखना है."

त्यातच वास्तुशांतीचा मुहूर्त जवळ आला. केरसुणीसुद्धा पंचांग बघून आणणारी ही बाई! पण थर वाळलाय का ते कळायला इंजिनियरने प्लास्टिकचा एक तुकडा त्यावर चारी बाजूंनी चिकटवून ठेवला होता. वहिनींनी सकाळी त्याचा कोपरा उचलला, तर खाली दव धरलेलं. त्यांनी तिथूनच गुरुजींना फोन लावला आणि मुहूर्त मोडला. निखिल वैतागला. "मुहूर्त पुन्हा मिळेल रे," वहिनी म्हणाल्या, "तडकलेली फरशी कोण सांधणार?"

शेवटी थर वाळला आणि पाइपांतून गरम पाणी खेळलं. टाइल लावण्याआधीच्या त्या करड्या, उघड्या सिमेंटवर आम्ही दोघी पाय पसरून शेंगदाणे खात बसलो. इंजिनियर पाणी बंद करून गेला, तरी खालची ऊब हटेना. वहिनी तळहात टेकून होत्या. "मला वाटलं, बंद केलं की लगेच गार. ही तर धरून ठेवते गं." "ह्यांना मिळायला हवी होती," म्हणाल्या आणि रडल्या. मीही रडले. बलबीरने दारातून पाहिलं आणि तो पाय न वाजवता परत गेला.

टाइल लागल्या, वास्तुशांत झाली. एक तडा कधी गेला नाही. त्या घरात खुर्च्या नावाला होत्या. आल्या-गेल्याला वहिनी खालीच बसवायच्या आणि "ऊन आहे ना?" असं विचारल्याशिवाय चहा टाकायच्या नाहीत. काही वर्षांनी निखिलला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. उरल्या वहिनी आणि त्यांची फरशी.

जानेवारीतच गेल्या, झोपेत. सकाळी कामवालीचा फोन आला आणि मी धावले. निखिल फोनवर लहान मुलासारखा रडत होता. "मावशी, उद्या पोचतो. मी येईपर्यंत ठेवा तिला." डॉक्टर म्हणाले, बर्फाची पेटी संध्याकाळपर्यंत येईल, तोवर खोली थंड हवी. खिडक्या उघडा, हीटिंग ताबडतोब बंद करा. त्यांचं बरोबरच होतं. ज्या दिवसासाठी ती फरशी केली, त्याच दिवशी ती बंद करायची पाळी माझ्यावर आली. बटण दाबताना मला वहिनींच्या तोंडाकडे बघवेना.

तासाभराने कामवाली, शेजारच्या दोघी आणि मी, अशा चौघींनी त्यांना खाली घेतलं. मी पटकन पुढे वाकले आणि अंग टेकायच्या आत खाली हात लावला. शेजारच्यांतली एक हलकेच म्हणाली, "बहनजी, अब इन्हें क्या ठंड?"

फरशी ऊन होती. उघड्या खिडक्यांतून धुकं आत येत होतं, आणि मी वहिनींच्या कुशीशी तळहात टेकून तशीच बसून राहिले. संध्याकाळी पेटी आली, तेव्हाही फरशी पुरती निवली नव्हती.