आईच्या दाखल्यावाचून अडलेला फॉर्म

आमच्या सुधीरने आज काय अक्कल पाजळली ते आधी ऐका, रामराम नंतर.

समाजाच्या मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म त्याने बनवलाय. त्यात आईच्या शाळेचा दाखला सक्तीचा. कशाला, तर फॉर्म भारदस्त दिसावा म्हणून.

दुपारी मसाट गावच्या कारखान्यात काम करणारी कमल पोरीला घेऊन आली. पोरीला नर्सिंगला जागा मिळालीय, फॉर्मची मुदत उद्या संपते. कमल शाळेत गेलीच नाही, दाखला आणणार कुठून?

सुधीर म्हणतो, "आई, सिस्टीम घेत नाही."

"सिस्टीम कोणी बनवली?"

"मीच."

"मग तिच्या नावाने काय रडतोस?"

त्याला म्हटलं, तुझंच नाव भर. भरलं. आई, म्हणजे मी, दुसरी नापास, दाखला नाही, फॉर्म अडला.

नव्वद सालाच्या सुमाराला आम्ही दुधनीला राहायचो, तेव्हा हाच पोरगा समाजाच्याच वसतिगृहात राहून शिकला. तिथल्या गुरुजींनी कोऱ्या कागदावर नाव लिहून आत घेतलं होतं. माझी शाळा कोणी विचारली नाही.

कमलची पोरगी अजून माझ्या ओट्यावर बसलीय. समाजाच्या या ग्रुपवर कोणी हात जोडू नका, अंगठे दाखवू नका. उत्तर एकट्या सुधीरने द्यायचं, तेही फॉर्म सुधारून झाल्यावर.