मामांच्या बैलांना गोचीड नसते

मुलगी पाहायला बुलढाण्याला जायचं ठरलं, तेव्हा मी अकोल्याहून मोटारीनेच जाणार होतो. पण वडनेर भोलजीच्या मामांचा निरोप आला, "मोटार कायले? माही दमणी हाये ना!" मामांचा सगळा जीव त्या छोट्या बैलगाडीत आणि बैलजोडीत. दमणीला नाही म्हणणं म्हणजे मामांनाच नाही म्हणणं. तेव्हा नांदुऱ्यापर्यंत आगगाडी आणि पुढे मामा.

वडनेरहून पहाटेच मामा, मामी आणि मी निघालो. या रस्त्याने जाणार असाल, तर बसायला जाड घोंगडी घ्या. पाठ दुवा देईल. दुपारी निंबाखाली बैल सोडले. मामीची ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ला, बैलाची झूल उशाला घेतली आणि छान ताणून दिली. संध्याकाळी मोताळ्याला ओळखीच्या घरी मुक्काम केला.

सकाळी मामा म्हणाले, "काऊन बे, मान काऊन खाजवून राह्यला?"

मामीने कॉलर खाली ओढून पाहिलं. "अगं बाई, गोचीड! चांगली रुतून बसली."

"माह्या बैलाले गोचीड नाही," मामांनी आधी बैलांची बाजू मांडली आणि मग बिडी पेटवली. "थांब, चटका देतो. आपोआप सुटते."

"ठेवा ते बिडी! चटका लागला तं ते आपली घाण आतच ओकते. तुमचा चिमटा द्या."

मामांच्या करगोट्याला काटे काढायचा पितळी चिमटा कायम लटकलेला. गोचिडीसाठी तो द्यायला ते कुरकुरले, पण दिला. मामीने घासलेट लावलं नाही की तेल नाही. गोचिडीचं फुगलेलं पोट न दाबता अगदी कातडीलगत तिला धरलं आणि हळूहळू सरळ वर ओढलं. पिळलं नाही, झटका दिला नाही. तोंडासकट अख्खी निघाली. मामा नखाने चिरडायला निघाले, तर मामीने ती चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. मान आणि हात साबणाने धुतले, चिमटा उकळत्या पाण्यात टाकला. "पंधरा दिवसांत ताप आला, नाही तं अंगावर चट्टा उठला, तं डाक्टरकडे जाजो, बाबू."

पुढे घाट लागला. बैलांना ओझं नको म्हणून आम्ही पायी चढलो. वर गार वारा होता, आणि माझ्या मानेवर रुपयाएवढा लाल डाग.

मुलीकडे पोहे आले, चहा आला. मुलीच्या वडिलांची नजर मात्र माझ्या मानेवरून हलेना. शेवटी त्यांनी विचारलंच, "हे कातडीचं काही जुनं दुखणं?"

आता इथून उठावं लागणार, हे मला दिसतच होतं. मामांनी पागोटं सारखं केलं, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही जी. गोचीड व्हती. माह्याच बैलाची."

दाराआडून मुलीचा आवाज आला, "तोंड आत नाही ना राह्यलं?"

अकोल्याला परतून महिना झाला. ताप आला नाही, डागही गेला. मुलीकडून होकार आला आहे. बैलांविरुद्ध ज्यांनी कधी कोणाचा शब्द ऐकून घेतला नाही, त्या मामांनी परक्या ओसरीवर माझ्यासाठी मान खाली घातली. सासरचे लग्नाला मोटार पाठवणार होते. मी कळवून टाकलं की नवरदेव मामांच्या दमणीतून येईल. झूल तेवढी मामी धुणार आहे.